लाइक भरपूर, ऑर्डर मात्र नाहीत: ऑनलाइन विक्रीतील गळती कशी शोधावी

कांदा-लसूण मसाला, हापूस आंबा, पैठणी, दिवाळीचा फराळ किंवा हाताने शिवलेल्या गोधड्या असे काही घरून अथवा लहान कारखान्यातून विकणाऱ्या माणसाचा फेसबुक-इन्स्टाग्रामवरील जाहिरातीचा पहिला अनुभव बहुधा एकाच वळणाने जातो. पोस्टखाली ‘बूस्ट’चे बटण दिसते, पाच दिवसांसाठी अडीच हजार रुपये भरले जातात, पोस्ट चाळीस हजार लोकांपर्यंत पोहोचल्याचे आणि सहाशे जणांना आवडल्याचे कळते, आणि महिनाअखेरीस वही उघडली तर तीन ऑर्डर आलेल्या असतात, त्यांतली एक मावसबहिणीची. मग घरात दोन मते पडतात. एक म्हणते, सोशल मीडियावर काही विकले जात नाही. दुसरे म्हणते, बजेट कमी पडले, पुढच्या वेळी दहा हजार घालू. दोन्ही मते घाईची आहेत, कारण दोघांनीही जाहिरात आणि विक्री यांच्यामधल्या पायऱ्या पाहिलेल्या नसतात.

जाहिरात दिसणे, तिच्यावर बोट पडणे, दुकानाचे पान उघडणे, माल टोपलीत टाकणे, पैसे भरणे आणि शेवटी खोका ग्राहकाने स्वीकारणे अशा या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीवर माणसे गळतात. गळती कोणत्या पायरीवर आहे हे माहीत नसताना बजेट वाढवणे म्हणजे फुटक्या रांजणात जोराने पाणी ओतणे होय. या लेखात ती पायरी ओळखायची रीत दिली आहे, आणि सुरुवात मुद्दाम शेवटाकडून, म्हणजे एका ऑर्डरच्या हिशेबापासून केली आहे. कारण पुष्कळ जाहिराती चांगल्या असूनही तोट्यात जाणार हे त्या तयार होण्याआधीच ठरलेले असते.

आधी एका ऑर्डरचा हिशेब

कागद घ्यावा आणि एका ऑर्डरमधून सर्व खर्च वजा जाता जाहिरातीसाठी किती रुपये उरतात ते लिहावे. उदाहरणासाठी अर्धा किलो कांदा-लसूण मसाल्याचे ४०० रुपयांचे पाकीट घेऊ. यातले आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपापले घालावेत. मिरची, खोबरे, गरम मसाला, कांडप आणि मजुरी मिळून १८० रुपये, पिशवी व खोका २० रुपये, कुरिअर ७० रुपये, आणि पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे) दोन टक्के व त्यावरचा कर मिळून १० रुपये धरले, तर हातात १२० रुपये राहतात. आता जाहिरातीवरचे एक क्लिक ४ रुपयांना पडते असे समजू. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून खरा खर्च ४ रुपये ७२ पैसे होतो. ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्याला हा कर वळता करून घेता येत नाही, आणि बहुतेक घरगुती विक्रेत्यांच्या वहीत तो दिसतच नाही. १२० रुपयांत अशी २५ क्लिक बसतात. म्हणजे दुकानात डोकावणाऱ्या दर पंचवीस अनोळखी माणसांपैकी एकाने खरेदी केली, तरच विक्रेता ना नफा ना तोटा या रेषेवर येतो. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा मसाल्याला शंभर क्लिकमागे एक-दोन ऑर्डर आल्या तरी ते बरे चालले आहे असे मानावे लागते. शंभराला चार हे प्रमाण धरून बसणे धाडसाचे आहे.

आता तोच मसाला वेगळ्या रीतीने मांडू. अर्ध्या किलोची तीन पाकिटे, किंवा एक मसाला, एक शेंगदाणा चटणी आणि एक जवसाची चटणी असा १२०० रुपयांचा संच. मालाचा खर्च ५४० रुपये, खोका ३५, कुरिअर ११०, गेटवे २८. उरले ४८७ रुपये, आणि त्यांत १०३ क्लिक बसतात. शंभरातून एक ऑर्डर आली तरी खर्च भरून निघतो. माल तोच, जाहिरात तीच, क्लिकचा दरही तोच; केवळ ऑर्डरचा आकार बदलल्यामुळे तोट्यातली जाहिरात सावरते. चांगला फोटो, आकर्षक मथळा, नवीन ऑफर यांच्यावर महिने घालवण्याआधी हे एक गणित करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कुरिअरच्या खर्चात आणखी एक खाच आहे. बहुतेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून, त्यांचा गुणाकार ५००० ने भागून येणारे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर दर लावतात. चिवडा, चकली, कडबोळी असा फराळ ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात भरला, तर काट्यावर तो दोन किलो भरला तरी बिल ३.६ किलोचे येते. दिवाळीत भरपूर ऑर्डर येऊनही हाती काही न उरलेल्या विक्रेत्यांनी हा आकडा आधी तपासावा.

पहिल्या ऑर्डरवर काहीच न उरणे काही मालांच्या बाबतीत चालते. मसाला दोन-तीन महिन्यांत संपतो, आणि दुसरी ऑर्डर जाहिरातीशिवाय, केवळ व्हॉट्सॲपवरच्या एका संदेशाने येऊ शकते. तेव्हा पहिल्या ऑर्डरचा जाहिरातखर्च पुढच्या दोन ऑर्डरवर वाटून टाकता येतो. हापूसचे गिऱ्हाईक एप्रिल-मेमध्ये दोन-तीनदा येईल, पण नंतर दहा महिने येणार नाही. पैठणी घेणाऱ्या बाईला दुसरी पैठणी कधी लागेल हे तिलाही सांगता येणार नाही. म्हणून दुसऱ्याच्या धंद्यातला ‘एका ऑर्डरमागे इतका खर्च चालतो’ हा आकडा आपल्या धंद्याला लावू नये.

पारावरचा माणूस आणि बाजारातला माणूस

गुगलवर ‘देवगड हापूस पेटी पुणे’ असे शोधणारा माणूस पिशवी घेऊन बाजारात निघालेला आहे. इन्स्टाग्रामवर रील पाहणारा माणूस पारावर गप्पा मारत बसलेला आहे. पारावर बसलेल्याला ‘आंबे घेता का?’ असे विचारले तर तो ‘बघू’ म्हणतो, आणि त्याचे ते ‘बघू’ नकार नसते. त्याच्या डोक्यात त्या क्षणी खरेदी नसते, इतकेच. सोशल मीडियावरील जाहिरात सतत या दुसऱ्या माणसाशी बोलत असते. तिच्याकडून पहिल्याच भेटीत विक्रीची अपेक्षा करणे किती योग्य आहे, हे मालाची किंमत आणि गिऱ्हाइकाच्या मनातली शंका यांवर ठरते.

पाच-सातशे रुपयांची खाण्याची वस्तू पारावर बसल्या बसल्याही घेतली जाते. पैठणीचे तसे नाही. हातमागावरची पैठणी विणायला काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत वेळ लागतो, किंमत हजारांत आणि पुढे लाखांतही जाते, आणि घेणाऱ्या कुटुंबाच्या मनात एकच प्रश्न असतो: ही खरी आहे की यंत्रमागावरची? अशा साडीच्या जाहिरातीखाली ‘आत्ताच खरेदी करा’ असे बटण लावून वेबसाइटवर ऑर्डरची वाट पाहणे व्यर्थ आहे. येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराने जाहिरातीत पदराची उलटी बाजू दाखवावी. खऱ्या पैठणीच्या पदरावरील नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. हे वीस सेकंदांच्या व्हिडिओत दिसले की गिऱ्हाइकाच्या मनातल्या शंकेला मॉडेलच्या फोटोने कधी मिळणार नाही असे उत्तर मिळते. आणि बटण असावे ते व्हॉट्सॲपवर बोलण्याचे, जिथून पुढे व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवता येतील. विक्री होईल ती तिथे. जाहिरातीचे काम गिऱ्हाइकाला त्या कॉलपर्यंत आणण्याचे आहे, आणि तिचे यश त्याच मापाने मोजावे.

हापूसच्या बाबतीत शंका दुहेरी असते. आंबा खरोखर कोकणातला आहे का, आणि तो कशाने पिकवला आहे? कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हे येतात. ज्या बागायतदाराने मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे, त्याने ती गोष्ट जाहिरातीत ठळकपणे सांगावी. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास देशात बंदी आहे. तेव्हा ‘कार्बाइडमुक्त’ असे नुसते लिहिण्यापेक्षा आढी कशी लावली आहे, पेंढ्यात आंबा किती दिवस राहतो, पेटी उघडल्यावर फळ किती कच्चे असेल आणि ते खाण्याजोगे कधी होईल हे दाखवावे. यातला शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण हिरवट आंबे पाहून नाराज झालेल्या गिऱ्हाइकाची एक तक्रार जाहिरातीखाली टिप्पणी म्हणून आली, की पुढची पन्नास गिऱ्हाइके ती वाचतात.

यंत्राला आपण काय मागितले

फेसबुक आणि इन्स्टाग्रामची जाहिरातयंत्रणा आज्ञाधारक आहे. तिला जे मागावे ते ती शोधून आणते, आणि न मागितलेले आणत नाही. ‘बूस्ट’ केलेली पोस्ट बहुधा प्रतिसादासाठी, म्हणजे लाइक, टिप्पण्या आणि शेअर यांसाठी दाखवली जाते. म्हणून ती अशा लोकांपुढे जाते ज्यांना लाइक करण्याची सवय आहे, आणि लाइक करण्याची सवय असलेला माणूस खरेदी करणारा असेलच असे नाही. सहाशे लाइक आणि तीन ऑर्डर हा यंत्राचा दोष नव्हे; आपण लाइक मागितले होते, ते मिळाले.

त्यामुळे जाहिरात ‘ॲड्स मॅनेजर’ या फेसबुकच्याच जाहिरात-साधनातून द्यावी. तिथे अवेअरनेस, ट्रॅफिक, एंगेजमेंट, लीड्स, ॲप प्रमोशन आणि सेल्स अशी सहा उद्दिष्टे निवडण्यासाठी असतात. वेबसाइटवर विक्री हवी असेल तर सेल्स निवडावे आणि त्यात ‘परचेस’, म्हणजे खरेदी पूर्ण होणे, ही घटना निवडावी. ट्रॅफिक स्वस्त दिसते, एक-दोन रुपयांत क्लिक मिळते, पण ते क्लिक करणाऱ्यांचे असते, घेणाऱ्यांचे नव्हे.

मात्र सेल्स निवडले की काम संपले असेही नाही, आणि लहान विक्रेता नेमका इथे अडकतो. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्याच सांगण्यानुसार एखाद्या ॲड सेटला (एकाच प्रेक्षकांसाठीच्या जाहिरातींच्या गटाला) शिकण्याच्या अवस्थेतून, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवावी हे यंत्र आजमावत असते त्या काळातून, बाहेर पडण्यासाठी आठवड्याला सुमारे ५० अपेक्षित घटना लागतात. एका ऑर्डरमागे ४०० रुपये खर्च येत असेल तर आठवड्याला वीस हजार रुपये झाले, आणि हे बजेट घरगुती विक्रेत्याचे नसते. यावर तीन उपाय आहेत. पहिला, जे काही बजेट आहे ते एकाच ॲड सेटमध्ये ठेवावे. मुंबईसाठी एक, पुण्यासाठी एक, महिलांसाठी एक, पस्तिशीपुढील लोकांसाठी एक असे तुकडे केले की कोणत्याच तुकड्याला शिकण्यापुरता दाणागोटा मिळत नाही. दुसरा, खरेदीऐवजी तिच्या अलीकडची पायरी, उदाहरणार्थ पैसे भरण्याचे पान उघडणे, निवडावी. त्यामुळे घटना जास्त मिळतात, परंतु टोपली भरून निघून जाणारे लोकही वाढतात, म्हणून ही तडजोड आहे हे विसरू नये. तिसरा, आणि महाराष्ट्रातील लहान विक्रेत्याला मला सर्वांत व्यवहार्य वाटणारा, म्हणजे व्हॉट्सॲप संभाषणासाठी जाहिरात देणे.

जाहिरात सुरू झाल्यावर तिला रोज हात लावण्याचा मोह टाळावा. बजेटमध्ये मोठा फरक, फोटो बदलणे, प्रेक्षक बदलणे अशा बदलांनी शिकण्याची अवस्था पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बी पेरल्यावर कोंब आला का हे पाहण्यासाठी रोज माती उकरणाऱ्याचे जे होते, तेच इथे होते.

एक लहानशी फसगत जाता जाता सांगितली पाहिजे. अहवालात ‘क्लिक (ऑल)’ आणि ‘लिंक क्लिक’ असे दोन वेगळे आकडे असतात. पहिल्यात लाइक, ‘आणखी पाहा’वर पडलेले बोट, पानाच्या नावावर पडलेले बोट असे सगळे मोजले जाते. हिशेबात धरायचा तो दुसरा आकडा.

क्लिकनंतरची वाट

लिंक क्लिक आणि ‘लँडिंग पेज व्ह्यू’ (क्लिकनंतर पान खरोखर किती वेळा उघडले) हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. शंभर क्लिकमागे पान केवळ साठ वेळा उघडले असेल, तर चाळीस माणसे दार उघडण्याची वाट पाहून परत गेली आहेत, आणि त्यांचे पैसे मात्र भरून झाले आहेत. गुगलच्या निकषानुसार पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. पान हळू असण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो. घरच्या वायफायवर ते लक्षात येत नाही. तालुक्याच्या गावी, साध्या फोनवर, मोबाइल डेटावर पान उघडून पाहिले की लगेच कळते.

ही चाचणी करताना पान क्रोममध्ये उघडू नये. स्वतःच्या जाहिरातीवरूनच आत जावे. इन्स्टाग्राममधील लिंक इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे गिऱ्हाइकाचे लॉगिन नसते, जतन केलेला पत्ता नसतो, आणि यूपीआय ॲपकडे उडी मारून परत येताना काही वेळा पान हरवते. विक्रेत्याच्या फोनवर, त्याच्या ब्राउझरमध्ये सगळे व्यवस्थित चालते, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर पैसे भरण्याच्या क्षणी गाडी अडते. एकदा एक रुपयाची चाचणी-वस्तू तयार करून, अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर, जाहिरातीपासून पावतीपर्यंत पूर्ण प्रवास स्वतः करावा. याला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात जे दिसते ते महिन्याभराच्या अहवालातही दिसत नाही.

टोपली भरूनही पैसे न भरणाऱ्यांचे प्रमाण जगभर मोठे आहे. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून ते सुमारे ७० टक्के असल्याचे सांगते, आणि शेवटच्या क्षणी वाढणारा पाठवणी-खर्च व कर हे त्यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे येते. आपल्याकडील लोकांची प्रतिक्रिया याहून वेगळी नाही. ४०० रुपयांचा मसाला टोपलीत टाकल्यावर ‘शिपिंग ८० रुपये’ दिसले की माणूस चिडतो. तोच मसाला ‘४८० रुपये, घरपोच’ असा पहिल्यापासून लिहिला तर चिडत नाही. खाते उघडण्याची सक्ती, ईमेलची सक्ती आणि पत्त्याचे सहा रकाने हेही काढून टाकावेत. पिनकोडवरून गाव आपोआप भरले जाण्याची सोय बहुतेक दुकान-सॉफ्टवेअरमध्ये मिळते.

भाषेचा सांधाही इथेच निखळतो. जाहिरात रसाळ मराठीत असते, कोल्हापुरी ठसक्यात असते, आणि क्लिक केल्यावर इंग्रजीत लिहिलेल्या दुकानाच्या पहिल्या पानावर माणूस येऊन पडतो, जिथे त्याला पाहिजे असलेला मसाला चौदा वस्तूंमध्ये शोधावा लागतो. जाहिरातीत जी वस्तू, जो फोटो आणि जी किंमत आहे, तीच वस्तू, तोच फोटो आणि तीच किंमत असलेल्या पानावर लिंक गेली पाहिजे.

भरवसा, आणि परत आलेले खोके

पैसे घेऊन माल न पाठवणाऱ्या बनावट दुकानांमुळे अनोळखी पानावर आगाऊ पैसे भरताना लोक बिचकतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पानावर पूर्ण पत्ता, सुरू असलेला दूरध्वनी क्रमांक, परतीचे नियम आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव असावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ही माहिती देणे अपेक्षितच आहे. त्याच नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत देण्याचे आणि निवारण एका महिन्यात करण्याचे बंधन आहे. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नोंदणी किंवा परवाना क्रमांक दाखवावा. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ ही सवय सोडून द्यावी. किंमत लपवणारा दुकानदार माणूस पाहून भाव सांगतो, अशी शंका आपल्याकडे फार जुनी आहे.

आगाऊ पैसे नकोत म्हणून कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली, तर दुसरा प्रश्न उभा राहतो. ऑर्डर दिलेला माणूस चार दिवसांनी दार उघडत नाही, फोन घेत नाही, किंवा ‘मी मागवलेच नाही’ म्हणतो, आणि खोका परत येतो. कुरिअरवाले याला ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. वाहनांच्या कार्यालयाशी त्याचा संबंध नसला तरी मनस्ताप साधारण तेवढाच असतो. जाण्याचा खर्च आणि बहुतेक वेळा परतीचाही खर्च विक्रेत्यावर पडतो, आणि आत आंबे किंवा फराळ असेल तर मालही वाया जातो.

या परतीचा एक परिणाम कोणी सहसा सांगत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर नोंदवली गेली की जाहिरातयंत्रणेच्या दृष्टीने खरेदी झाली. खोका परत आला हे तिला कळत नाही. म्हणून ती आणखी तशीच माणसे, म्हणजे ऑर्डर देऊन दार न उघडणारी, शोधत राहते. पडद्यावर विक्री वाढताना दिसते आणि ओसरीवर परत आलेल्या खोक्यांची रास वाढते. उपाय साधे आहेत: प्रत्येक अशी ऑर्डर पाठवण्याआधी फोन किंवा व्हॉट्सॲपवर होकार घ्यावा, शंभर-दीडशे रुपये आगाऊ मागावेत, पूर्ण रक्कम यूपीआयने भरणाऱ्याला थोडी सूट द्यावी, आणि ज्या पिनकोडवरून वारंवार परती येते तिथे ही सोय बंद करावी.

व्हॉट्सॲपवरून विक्री करणाऱ्यांची गळती वेगळ्या जागी असते. रात्री जेवण झाल्यावर लोक फोन पाहतात, साडेनऊला ‘किंमत काय?’ असा संदेश येतो, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी जाते. तोवर तो माणूस पारावरून उठून गेलेला असतो. जाहिरात ज्या वेळेत कोणीतरी उत्तर द्यायला बसणार आहे त्याच वेळेत चालवावी, किंवा किमान किंमत, वजन आणि पोहोचण्याचे दिवस सांगणारे उत्तर आपोआप जाईल असे करावे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये संभाषणांना लेबले लावता येतात. नवीन, पैसे बाकी, पैसे आले अशी तीन लेबले लावली तरी आठवड्याच्या शेवटी किती माणसे कोणत्या पायरीवर थांबली ते मोजता येते.

आकडे कोणाचे खरे मानावेत

विक्री होत नाही असे वाटते, तेव्हा ती मोजली जात नाही असेही असू शकते. आणि याच्या उलटही. वेबसाइटवर मेटा पिक्सेल, म्हणजे तिथली खरेदी मेटाला कळवणारा कोडचा तुकडा, बसवलेलाच नसतो, किंवा तो पावतीच्या पानाऐवजी ‘पैसे भरा’ या बटणावर बसवलेला असतो, किंवा गिऱ्हाइकाने पावतीचे पान दोनदा उघडले की एक खरेदी दोन मोजल्या जातात. पिक्सेल आणि कन्व्हर्जन्स एपीआय (हेच काम ब्राउझरऐवजी दुकानाच्या सर्व्हरवरून करणारे) ही दोन्ही साधने चालू असतील, तर दोन्हींकडून एकाच खरेदीला एकच ओळखक्रमांक जायला हवा. मेटाच्या ‘इव्हेंट्स मॅनेजर’ या साधनातील चाचणीच्या सोयीत एक ऑर्डर देऊन हे पाहता येते. शिवाय एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून आयफोनवर प्रत्येक ॲपला मागोवा घेण्याची परवानगी विचारावी लागते, आणि परवानगी नाकारणाऱ्यांच्या खरेदीचा माग लागणे अवघड झाले आहे. महागड्या मालाची गिऱ्हाइके अनेकदा आयफोनवालीच असतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरीकडे, यंत्रणा स्वतःला श्रेयही सढळ हाताने देते. नेहमीच्या मांडणीत क्लिकनंतर सात दिवसांत किंवा जाहिरात नुसती दिसल्यावर एका दिवसात झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या खात्यात जमा होते. दरवर्षी पेटी घेणाऱ्या काकांना सकाळी जाहिरात दिसली आणि संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे ऑर्डर दिली, तरी श्रेय जाहिरातीचे. ईबे या मोठ्या कंपनीने २०१२ मध्ये काही शोधयंत्रांवर स्वतःचे नाव शोधणाऱ्यांना दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती थांबवून पाहिल्या, तेव्हा जाहिरातीवरून येणारे जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आलेच. त्या शोधयंत्रावरील जाहिराती होत्या, सोशल मीडियाच्या नव्हत्या. पण जो येणारच होता त्याच्यासाठी पैसे मोजले जातात, हा धोका इथेही आहे.

म्हणून खरा हिशेब विक्रेत्याच्या वहीतला. आठवड्याला जाहिरातीवर करासह किती गेले, नवीन गिऱ्हाइके किती आली, आणि खोके स्वीकारले जाऊन पैसे किती जमा झाले, हे तीन आकडे लिहावेत. प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ एवढे विचारावे, आणि जुन्या गिऱ्हाइकांची यादी वगळून जाहिरात दाखवावी.

किती थांबावे आणि कधी बंद करावे

पन्नास क्लिकमध्ये ऑर्डर आली नाही म्हणून जाहिरात बंद करणारे अनेक आहेत, आणि तीन महिने काहीही न येता ती चालू ठेवणारेही आहेत. याला साधे गणित आहे. आपल्या दुकानात शंभरातून एक माणूस खरेदी करतो असे धरले, तरी पहिल्या शंभर क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे ते निव्वळ योगायोगानेही घडू शकते. तीनशे क्लिकमध्ये एकही न येण्याची शक्यता मात्र जेमतेम ५ टक्के उरते. वरच्या उदाहरणातील दराने तीनशे क्लिकना करासह सुमारे १४१६ रुपये लागतात. एवढे पैसे चाचणीसाठी बाजूला काढावेत, तीनशे क्लिक पूर्ण होईपर्यंत काही बदलू नये, आणि त्यानंतरही शून्य असेल तर जाहिरात थांबवून पायऱ्यांचे आकडे मांडावेत.

क्लिकच फार महाग पडत असतील तर चूक जाहिरातीत किंवा प्रेक्षकांत शोधावी. दिवाळीच्या आधी मात्र जाहिरातीच्या जागेसाठी चालणाऱ्या लिलावात मोठ्या कंपन्याही उतरतात, त्यामुळे दर एरवीपेक्षा चढलेले असतील हे धरून चालावे. क्लिक येतात पण पान उघडत नाही, तर पानाचा वेग पाहावा. पान उघडते पण टोपलीत काही पडत नाही, तर किंमत, फोटो किंवा भरवसा यांपैकी काहीतरी कमी आहे. टोपली भरते पण पैसे येत नाहीत, तर पाठवणी-खर्च आणि यूपीआयची वाट तपासावी. एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा तीनशे क्लिकची चाचणी घ्यावी.

आणि हिशेबात जिथे १२० रुपयेच उरतात, संच करण्यासारखा दुसरा माल नाही, आणि दुसऱ्यांदा येणारे गिऱ्हाईकही नाही, तिथे अनोळखी लोकांसाठीची जाहिरात बंदच ठेवावी. तो मसाला मुंबईतील महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात किंवा गावच्या आठवडी बाजारात मांडावा, जिथे गिऱ्हाईक डबा उघडून वास घेते आणि शंका तिथल्या तिथे मिटते. प्रत्येक पाकिटात व्हॉट्सॲप क्रमांकाची चिठ्ठी घालावी, आणि गिऱ्हाइकाचा क्रमांक त्याची संमती विचारूनच वहीत लिहावा. अशी किमान शंभर खऱ्या गिऱ्हाइकांची यादी जमली की ती जाहिरातयंत्रणेत घालून त्यांच्यासारखी माणसे शोधायला सांगता येते. त्या वेळी १४१६ रुपये पुन्हा बाजूला काढावेत.